गुरांच्या दवाखान्यातला नायट्रोजन

दोन क्षार एकत्र विरघळवायचे, त्यांचा एकच स्फटिक वाढवायचा आणि तो थंड करत नेला की कुठल्या तापमानाला त्याची आतली रचना बदलते ते शोधायचं, हे माझं पीएचडीचं काम. अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतात टाकतात तेच खत, उणे पन्नास अंशांना एकदम रचना बदलतं. त्यात पोटॅशियम सल्फेट मिसळलं तर? स्फटिकात चिमूटभर मँगनीज घालून तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवला, की मँगनीजचा चुंबकीय अनुनाद मोजणाऱ्या यंत्राचं पेन कागदावर शिखरं काढतं. आत काही हललं की शिखरं बदलतात.

"मिश्रणात सगळं फिसकटतं," माझे मार्गदर्शक सर म्हणायचे. "तीक्ष्ण बदल दिसायचा नाही. पण करून बघ."

करून बघायला द्रव नायट्रोजन हवा, आणि मुंबईहून विद्यापीठात येणारी त्याची टाकी तीन महिने आलीच नव्हती. वैतागून मी खुलताबादला घरी गेले. आम्ही मेंढरं राखणारी माणसं; माझ्या वडिलांनी, आबांनी, तेव्हा नुकती एक गाय घेतली होती. सकाळी ते तिला भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनासाठी, गुरांच्या दवाखान्यात निघाले, मीही सोबत गेले. गोठवलेल्या रेताची कांडी काढायला डॉक्टरांनी कॅनचं झाकण उघडलं आणि पांढरी वाफ ओसंडली.

"डॉक्टर, हा द्रव नायट्रोजन!" मी जवळजवळ ओरडलेच.

"व्हय. तुला कसं ठावं?"

मी सगळं सांगितलं. नवा साठा कालच आला होता. त्यांनी जुन्या कॅनकडं बोट दाखवलं. "त्यात उरलंय ते ने. सोमवारी कॅन परत पायजे."

कॅन धरायला आबाही माझ्यासोबत विद्यापीठात निघाले. एसटीत कंडक्टरनं अडवलं. "काका, डब्यातनं धूर निघतोय!"

"धूर नाय, थंडी हाय," आबा म्हणाले. "पोरीच्या कालेजात न्यायचीय."

अख्खी गाडी हसली आणि आम्हाला पुढची जागा मिळाली.

प्रयोगशाळेत आबा स्टुलावर बसले. मी मिश्र स्फटिक चुंबकात बसवून गार करू लागले. उणे पन्नास. काहीच नाही. उणे पंचावन्न.

"म्हटलं नव्हतं?" सर उठले.

मी गार वायूची तोटी आणखी थोडी उघडली. उणे एकसष्टला पेननं एका शिखराच्या जागी दोन काढली. सुरीनं चिरल्यासारखी स्वच्छ. तापवलं, ती जुळली. पुन्हा गार केलं, पुन्हा दुभंगली. तीन वेळा, जवळजवळ त्याच जागी. मला हसू आवरत नव्हतं.

सरांनी शेजारच्या खोल्यांतून सगळ्यांना हाका मारल्या. "या, बघा! मी चुकलो होतो, ही बरोबर निघाली."

आबा कागदावर वाकले. "एकाची दोन झाली व्हय?"

"हो आबा."

"लई झाक." मग येईल त्याच्यापुढं ते कागद धरू लागले. "आमच्या पोरीनं काढलंय."

"कॅनमध्ये अजून आहे ना?" सर म्हणाले. "दुसरा नमुना लाव."

मी लावला. त्यात पोटॅशियम जास्त होतं. चहाच्या वेळेपर्यंत त्याचं शिखरही दुभंगलं, पहिल्यापेक्षा बऱ्याच खालच्या तापमानाला, आणि तितकंच स्वच्छ.