गिझरवरचा टॅग

जिला हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, ती आत्ता आत भाजी निवडते आहे. डाव्या हातानं. तिला मी सांगितलेलं नाही. मुलाला नाही, इथल्या मराठी मंडळातल्या कोणाला नाही — आणि सांगतो आहे तुम्हाला, ज्यांचा चेहराही मला ठाऊक नाही. का? तेही धड सांगता येणार नाही.

तुमचं स्वतःचं घर असेल तर तुम्हीही कधीतरी मोबाईलवर मिस्त्री शोधला असेल. नळवाला, रंगवाला, इलेक्ट्रिशियन. नावापुढे तारे आणि खाली लोकांचे रिव्ह्यू. हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरातल्या मराठी घरांतून मला त्यासाठी फोन येतात. मदन महलचे, राइट टाउनचे, गोरखपुरातले, सगळ्या इथल्याच वस्त्या. "काका, याला बोलवू का? रिव्ह्यू खरे वाटतात का हो?" या बाबतीत मी जाणकार समजला जातो. मी सांगतो, नुसतं 'बहुत बढ़िया काम' लिहिलेलं सोडून द्या. ज्यानं नीट तपशील दिला आहे, काय बिघडलं, कुठली तार, कोणत्या दिवशी — आणि वर फोटोही लावला आहे, त्याचं खरं धरा. लोक ऐकतात. आभार मानतात.

मी लिहिलेल्या रिव्ह्यूत हे सगळं होतं. तपशील होता, फोटो होता. शुद्धलेखनसुद्धा चोख होतं.

थांबा, जरा मागून सांगतो. मी इथल्या एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. पूर्ण नोकरी तिथेच गेली. काम एकच, तयार झालेला माल तपासायचा आणि खोट दिसली की त्याला लाल टॅग बांधायचा, खाली स्वतःची सही करून. आमच्यात नियम असा की टॅग ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. मधे फोरमन येवो नाहीतर त्याचाही साहेब येवो. एकदा एका फोरमननं माझा टॅग परस्पर काढला, तर मी त्याची लेखी तक्रार केली आणि पुढे वर्षभर त्याच्या हातचा चहा घेतला नाही. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. इतका, की घरात त्याची थट्टा चालायची. दूध नासलं की सुमन — माझी बायको — पातेल्यावर कागदाचा कपटा ठेवायची. "टॅग लावला आहे, चहात घालू नका."

म्हणजे तिला नियम पाठ होता. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या. त्यांना साडी नेसवणं हे सुमनचं काम, आणि ते तिच्यासारखं कोणाला जमत नसे. एकेक निरी बोटांत धरून अशी बसवायची की तिसऱ्या दिवशी विसर्जनापर्यंत हलायची नाही. गोरखपुरातल्या चार घरांतून तिला आदल्या दिवशी बोलावणं यायचं. ती पिशवीत फक्त टाचण्यांची डबी घेऊन जायची. कुठे मानाचं पान मिळत नव्हतं, कारखान्यातल्या माझ्या नोकरीला जसा हुद्दा होता तसा तिला नव्हता — पण तिथे ती साहेब होती.

त्या वर्षी महालक्ष्म्यांआधी मी अंगणात नव्या टाइल्स बसवून घेतल्या. नागपूरहून माझी बहीण, वर्ध्याची मंडळी, सगळे येणार होते. टाइल्स मीच निवडल्या होत्या, त्यांच्या रेघा मीच दोरी धरून तपासल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या.

मी मोबाईलवर पाहून एकाला बोलावलं. दशरथ त्याचं नाव. रिव्ह्यू थोडे होते, पण सगळे चांगले. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं गिझर उघडला, टेस्टर लावला, अंगणात जाऊन वाकून भिंतीकडची जुनी तार पाहिली आणि म्हणाला, "साहब, गीज़र का रॉड भी गड़बड़ है, और आपकी अर्थिंग तो मर चुकी है. गड्ढा नया करना पड़ेगा. दो टाइल उखड़ेंगी."

दोन टाइल्स. मी म्हटलं, महालक्ष्म्या होऊन जाऊ द्या, मग पाहू. तो म्हणाला, चलो ठीक है, पण तोवर गिझर बंद राहील. आणि त्यानं माझ्यादेखत गिझरची तार सोडवली, टोकांना काळी टेप गुंडाळली. मग स्विचच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पेननं लिहिलं, 'बंद है. न चलाएं. दशरथ.' सुतळीनं तो पुठ्ठा नळाला बांधला आणि गेला.

सही करून टॅग. कारखान्यात एक दिवसही न काढलेल्या माणसानं. सुमननं तो पाहिला आणि हसली. "तुमचाच भाऊ दिसून राहिला," म्हणाली. त्या दिवशी तिनं चुलीवर — म्हणजे गॅसवरच, आम्ही अजून चूल म्हणतो — पाणी तापवलं.

मला मात्र हसू आलं नाही. मला राग आला होता. माझ्या घरात कोणीतरी मला नापास करून गेलं होतं. हे इतकं साधं आहे. त्याच्या मागे आणखी काही शोधू नका, मी पुष्कळ शोधून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुमन साड्या नेसवायला गोरखपुरात गेली होती. बहीण संध्याकाळच्या गाडीनं येणार होती आणि तिला गार पाणी सोसत नाही. घरात मी एकटा. मी टेप काढली, तारा पुन्हा जोडल्या, या वेळी उलटसुलट करून. टेस्टर लावला. नळावर त्याचा दिवा लागला नाही. गिझर गार होता, तो दहा मिनिटं तापवून मग टेस्टर लावायला हवा, हे मला समजत नव्हतं का? समजत होतं. असल्या तपासणीवर सही करणाऱ्या ज्युनिअरला मी दारात उभं केलं नसतं. पण मी समाधानानं हात धुतले — आणि तो पुठ्ठा सुतळी तोडून काढला, शर्टाच्या खिशात ठेवला.

महालक्ष्म्या येण्याच्या दिवशी सकाळी सुमन आंघोळीला गेली. नळावर टॅग नव्हता. टॅग निघाला म्हणजे माल पास, हे तिला तीस वर्षं मीच शिकवलं होतं. तिनं गिझर लावला. थोड्या वेळानं नळाला हात घातला आणि हात तिथेच चिकटला.

बहिणीच्या ओरडण्यानं मी धावलो, मेन स्विच पाडला. जीव वाचला. उजव्या हाताचा तळवा भाजला, आतली नस गेली. अंगठा आणि पहिली दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत. त्यांना गरम-गार कळत नाही. डॉक्टरांनी जेवढं करण्यासारखं होतं तेवढं केलं.

दवाखान्यात तिला बोलता यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "टॅग नव्हता, म्हणून लावला. म्हटलं तो भैया येऊन करून गेला असंल. आला होता ना तो?"

खाटेशी बहीण उभी होती. मुलगा पुण्याहून फोनवर होता, स्पीकर चालू होता. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि टॅग माझ्या खिशात होता, कारण शर्ट आदल्या दिवशीचाच होता.

मी म्हणालो, "हो. येऊन गेला."

बस. खोटं एवढंच. दोन-तीन शब्दांचं. तेव्हाच ते परत घेता आलं असतं का? संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी? प्रत्येक वेळी आलं असतं.

मुलगा संतापला. "बाबा, लिहा त्याच्याबद्दल. बाकीच्या लोकांना तरी कळू द्या." मी लिहिलं. लिहायला मला वेळ लागला नाही, आयुष्यभर रिजेक्शन रिपोर्टच लिहिले होते. अर्थिंग नसल्याचं या इलेक्ट्रिशियनला माहीत होतं, तरी त्यानं सप्लाय चालू करून दिला, पत्नीचा हात गेला. जळालेल्या जोडाचा फोटो. एक तारा. सगळं खरं होतं, फक्त माणूस दुसरा होता. खाली कितीतरी लोकांनी 'उपयोगी' म्हणून अंगठे दिले. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो रिव्ह्यू फिरला. मी काहीच वाटून घेतलं नाही. खरं सांगतो, काही वाटत नव्हतं. मी वेळेवर जेवत होतो.

दशरथ घरी आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. "साहब, मैं तो तार निकाल के, टैग लगा के गया था."

मी त्याला विचारलं, "कौन सा टैग?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. भांडला नाही. त्याला समजलं, ते मला दिसलं. मग त्यानं मॅडम कशा आहेत विचारलं आणि सायकल वळवली. दोन दिवसांनी माझ्या रिव्ह्यूखाली त्याचं उत्तर आलं. एकच ओळ. 'मैं तार निकालकर, टैग लगाकर गया था.' तिच्याखाली एकही अंगठा नव्हता. मिस्त्रीचं उत्तर कोण खरं मानतं? मीसुद्धा फोन करणाऱ्यांना सांगत आलो आहे, चूक झाली की सगळे असंच लिहितात.

पुढे त्याला इथे कोणी बोलवेना. हे मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. शेजारी सहज बोलता बोलता म्हणाले, तो बाहेर कुठेतरी ठेकेदाराकडे लागला. एकदा मदन महल स्टेशनवर दिसला. मी मुलाला आणायला गेलो होतो, तो बॅग घेऊन गाडीची वाट पाहत होता. खिशात टेस्टर होताच. मला पाहून उठला, नमस्ते म्हणाला आणि विचारलं, "मैडम का हाथ अब कैसा है?" मी म्हणालो, ठीक है. गाडी आली.

अंगणातल्या टाइल्स त्यानंतर उखडल्या, दुसऱ्या मिस्त्रीकडून. दोनच उखडाव्या लागल्या. जेवणाच्या आधी काम संपलं.

आता महालक्ष्म्यांना साडी सूनबाई नेसवते. सुमन शेजारी स्टुलावर बसून सांगते, ही निरी आत घे, टाचणी तिरपी लाव. मधूनच तिचा उजवा हात आपोआप पुढे जातो आणि मग ती तो मांडीवर ठेवते. गोरखपुरातून बोलावणं येत नाही. टाचण्यांची डबी देवघरात आहे.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. पंखा बिघडला होता म्हणून सुमन माझ्या मोबाईलवर मिस्त्री पाहत होती. डाव्या हाताच्या एका बोटानं वर-खाली करत होती. आणि तिला तो सापडला. दशरथ. नाव अजून होतं, वरती माझा रिव्ह्यू, खाली त्याची ती ओळ. तिनं ती वाचली. मी समोर बसलो होतो, पळालो नाही, एवढंच म्हणता येईल. तिनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "बिचारा अजून तेच म्हणून राहिला. कोणाच्या हातून चूक होत नाही हो? काढून टाका ते आता. मी तर त्याला कधीच माफ केलं."

हीच वेळ होती ना? यापेक्षा सोपी वेळ आयुष्यात दुसरी येणार होती का? कपाटात, निवृत्तीच्या कागदांखाली, तो पुठ्ठा अजून आहे. सुतळीसकट. टॅग फेकायचा नसतो, तो रेकॉर्ड असतो, म्हणून मी फेकला नव्हता. उठून आणायला चार पावलं होती.

मी मोबाईल घेतला आणि रिव्ह्यू काढून टाकला. मोबाईलनं विचारलं, नक्की काढायचा? मी होय दाबलं. रिव्ह्यू गेला, आणि त्याच्याखालची ओळही गेली. ती ओळ माझ्या रिव्ह्यूलाच जोडलेली होती. या सगळ्या प्रकरणातलं एकच खरं वाक्य लिहिलेलं होतं, ते दशरथचं, आणि तेही मीच पुसलं.

"बरं केलंत," सुमन म्हणाली. "मोठं मन आहे तुमचं."

मग तिनं डाव्या हातानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला.