उतार पाहून लावलेली गाडी

"चालून राह्यली नं? मंग?"

पुढच्या चाकाखाली नारळाएवढा गोटा सरकवायचा, बॉनेटवर दोन थापा मारायच्या आणि हे वाक्य माझ्या दुकानाकडे फेकायचं, हा त्याचा रोजचा रिवाज. वाक्य मलाच उद्देशून असायचं, कारण माझं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं आहे आणि या माणसाने माझ्याकडून आयुष्यात एक वायसरसुद्धा विकत घेतला नाही. चहा मात्र रोज प्यायचा.

निवृत्त ग्रामसेवक होता. सगळे भाऊसाहेब म्हणत, मीही म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो करावं लागायचं, इथे मी ते करणार नाही.

आमचं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे काही गल्ल्यांना उतार फुकट मिळालेला आहे. माझ्या दुकानासमोरची गल्ली सरळ नाल्याकडे उतरते. तो उतार म्हणजे भाऊसाहेबाचा सेल्फ. गाडीचा खरा सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, कधीच जळून गेलेली होती. म्हणून गाडी उतारावर नाक खाली करून लावायची, जाताना सोडून द्यायची, थोडा वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. गाडी एक गचका देऊन सुरू व्हायची आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या अंगावर काळा धूर सोडून निघून जायची.

हँडब्रेकही नव्हता, म्हणून तो गोटा. गोट्याला दोर बांधलेला, दोर खिडकीतून आत. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, दोर ओढायचा, गोटा उचलून शेजारच्या सीटवर ठेवायचा. त्या सीटवर खरं तर त्याच्या बायकोने बसायचं. पण ती शहाणी बाई, ती एसटीने जायची.

तुमच्याही गावात असा एक नमुना असेल. आधीच्या मालकाने कंटाळून काढलेली गाडी घ्यायची, तिच्यावर देवाचं नाव रंगवायचं, सीटला झालरीचं कव्हर घालायचं, हॉर्न असा बसवायचा की म्हशी उधळाव्यात, आणि बॉनेट मात्र उघडायचं नाही. जुनी गाडी वाईट नसते. वेळेवर ऑइल, फिल्टर, पट्टे बदलले तर ती बापाची नातवापर्यंत जाते, हे मी या धंद्यात पाहिलेलं आहे. पण जुन्या गाडीला म्हाताऱ्या माणसासारखी रोजची विचारपूस लागते. भाऊसाहेब विचारपूस करायचा नाही, फक्त फडक्याने पुसायचा.

ऑइल त्याने कधी बदललं नाही, नुसतं वरून ओतत गेला. मी विचारलं तर म्हणे, "तेल मुरू द्या लागते शेठ, लोणच्यावानी." रेडिएटर गळायला लागला तेव्हा त्यात हळद टाकली. हसू नका, हळदीने बारीक गळती बुजते हे खरं आहे. रस्त्यात अडकलेला ड्रायव्हर पुढच्या गावापर्यंत पोचायला असं करतो. याने त्यावर उन्हाळेच्या उन्हाळे काढले. गाडी तापली की गल्लीभर फोडणीचा वास सुटायचा आणि हा खिडकीतून आमच्याकडे बघून हसायचा, जसं काही यानेच स्वयंपाक केलाय.

दारावरच्या आरशाची काच पडून गेली होती. नुसती काळी वाटी उरली होती. म्हटलं, आरसा तरी न्या, हा काय समोर टांगलाय.

"मांगचं पाहून काय करता शेठ? जाचं तं पुढं हाये."

हे असं बोललं की त्याला आपण फार मोठं काही बोलून गेलो असं वाटायचं. शेजारच्या गॅरेजातला रफीकमिस्त्री बिचारा सज्जन. तो दर महिन्याला सांगायचा, "भाऊसाहेब, सेल्फ भरवून घ्या. आज गाडी ठेवा, कल ले जाना."

"उतार असल्यावर सेल्फ कायले?"

आता गंमत बघा. हळूहळू या माणसाचं सगळं येणं-जाणं उतारावर ठरायला लागलं. टेकडीवरच्या देवीचा भक्त झाला, कारण तिथून गाडी अर्धा कोस सहज गडगडते. इतक्या वर्षांचा न्हावी बदलला, कारण त्याचं दुकान सपाटीवर. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, आधी विचारणार, "उतार हाये का तिकडं?" सपाट जागेवरच्या माणसांची सुखदुःखं याच्या हिशेबातच नव्हती. मी उघड हसायचो.

आणि त्याची एकुलती एक लेक पडली वडनेर भोलजीला. तिकडे नांदुऱ्याकडची काळी जमीन, ताटासारखी सपाट. अख्ख्या गावात गोटी ठेवली तर घरंगळणार नाही. सोयरीक ठरताना हा व्याह्यांसमोर मिशी पिळत म्हणाला होता, "आपल्याकडं फोर-व्हीलर हाये, कवाबी येत जाऊ." गेला एकदाही नाही. लेक फोन करायची, हा म्हणायचा, "येतो नं बेटा, काऊन नाई?" आणि नाही जायचा.

"एसटीने जा ना," मी म्हणायचो.

"गाडी असून एष्टीनं? इवाई काय म्हनतीन?"

नातवाचं जावळ काढायचं होतं तेव्हा हा इस्त्रीचे कपडे घालून निघाला. मला वाटलं, चला, सुटला. संध्याकाळी परत आला आणि फुशारकीने सांगायला लागला. गावाअलीकडे पूल आहे, त्या पुलाच्या चढावर याने गाडी वळवून उभी केली, चाकाखाली गोटा लावला आणि लेकीला तिथे बोलावून घेतलं. कार्यक्रम सोडून ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर लेकराला घेऊन आली. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुरळ्यात, याने नातवाला अंगडं-टोपडं घातलं आणि परत फिरला.

माझं डोकं फिरलं. "भाऊसाहेब, लाज वाटू द्या काही."

तो पहिल्यांदाच हसला नाही. बशीतला चहा तसाच धरून म्हणाला, "तिच्या सासऱ्याले धक्का माराले लावू काय शेठ? मी तं निघून येईन. पोरीले जनमभर आयकाव लागन."

पण खरं सांगतो, कीव आली नाही, रागच आला. त्या लाजेवरचा उपाय शेजारच्या गॅरेजात होता, एका दिवसाचा.

पुढे एकदा तो मोबाइल घेऊन आला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत लेकीच्या सासरचं अंगण होतं, आणि अंगणाच्या मधोमध मुरमाचा उंचवटा. जावयाने ट्रॉल्या भरून मुरूम आणला होता. मागून चढायचं आणि पुढे फाटकाकडे उतरायचं, असा बेताने धुम्मस केलेला उतार.

"पाहा शेठ. पोरीनं उतार केला."

त्याचे डोळे भरले होते. मग लगेच नाक पुसून म्हणाला, "तोंड जरासं डावीकडं पाह्यजे होतं."

त्या रविवारी तो गेला. सोमवारी सकाळी माझ्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होता, "एका गचक्यात धरली! इवाई पाहतच राह्यले." पुढचे कित्येक दिवस आम्हाला दुसरा विषय नव्हता. पुन्हा जाणं मात्र झालं नाही. थंडीत एका पहाटे छातीत कळ आली आणि संपला.

गाडी माझ्या दुकानासमोर उभीच होती, चाकाखाली गोटा, खिडकीत दोर. तेरवी झाल्यावर लेक आणि जावई आले. आईला आणि गाडीला, दोघींना घेऊन जायचं होतं. मी म्हटलं, "बेटा, थांब. सेल्फ माझ्याकडून. रफीक उद्यापर्यंत बसवून देईल."

"नको काका. उतार हाये आमच्याकडं."

बापासारखीच खुळी, मी मनात म्हटलं. ती माझ्या दुकानात वर टांगलेल्या मालाकडे बघत होती.

"आरसा बसवून द्या," ती म्हणाली.

आरसाच का, असं मी विचारलं. तिने सांगितलं. त्या रविवारी निघताना सगळं घर अंगणात जमलं होतं. तिने बापासाठी पुरणपोळ्यांचा डबा भरला होता, तो आणायला ती आत गेली. तेवढ्यात याने दोर ओढला. गाडी उतरली, धरली, आणि फाटकातून बाहेर. पाय काढला की बंद पडणारी गाडी ती. एक पाय क्लचवर, एक अ‍ॅक्सिलेटरवर, ब्रेकसाठी तिसरा कुठून आणणार? सपाटीवर बंद पडली असती तर सासऱ्याने धक्का मारला असता.

"डबा घेऊन पार सडकेपर्यंत धावली मी. लय हाका मारल्या. बाबा खिडकीतून हात हालवत होते, पन समोर पाहून. मी पाया पडायची राह्यली होती, काका. त्यायले म्या कधी सांगतलंच नाई."

या माणसाने एक आरसा घेतला असता. मला त्याचा तेव्हाही राग आला, आणि आताही लिहिताना येतो आहे.

आरसा मी स्वतः बसवला. त्या गाडीत गेलेली माझ्या दुकानातली ती पहिली वस्तू. स्क्रू आवळून झाले तशी ती म्हणाली, "तुमी बसा नं जरा आतमंधी." मी त्याच्या सीटवर बसलो. झालरीच्या कव्हरला अजून हळदीचा वास होता.

ती गाडीच्या मागे चढावर चालत गेली, बरीच लांब, आणि तिथे उभी राहिली.

"काका, दिसून राह्यली काय मी?"

मी आरसा थोडा बाहेर वळवला. पदर सावरत ती उभी होती.

"हाव बेटा," मी म्हटलं. "दिसून राह्यली."