पहिल्या ओळीतली तीन अक्षरं

त्या जपानी कंपनीवर माझा राग आहे, आणि तो इतकी वर्षं का टिकला ते सांगते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचा फुलांचा मळा, झेंडू विकायला मी नाशिकच्या बाजारात यायची. माल दहापर्यंत संपायचा, परतीची गाडी बाराची. मधल्या वेळात बाईमाणसानं बसायचं कुठं? बाजारामागं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं पंखा होता, म्हणून शिरले. तिथं या कंपनीचं मशीन. खाली आपलं विमान, वरून किडे उतरतात, ते मारायचे. झेंडूवरच्या मावा किडीवर फवारण्या करून दमलेल्या बाईला आणखी काय पाहिजे? पहिला नंबर आला की मशीन नावाची तीन इंग्रजी अक्षरं विचारायचं. तेवढी मी शिकून घेतली.

घरी धाकट्या जावेला हे खरंच वाटेना. "ताई, थापा मारायला एवढ्या लांब कशाला जायचं? घरी मारा की."

म्हणून मला एकदा, फक्त एकदा, तिला ती अक्षरं दाखवायची होती. दुकानवाले काका रात्रीही मशीन चालूच ठेवायचे, पण त्याची खोड अशी, की लाइट गेली की सगळी नावं पुसली जायची. आणि आमच्याकडे लाइट जायला कारण थोडंच लागतं? मी काकांकडून कंपनीचा पत्ता घेतला, गावातल्या मास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. गेम झकास आहे, पण लाइट गेल्यावरही नाव राहील असं करा. चार महिन्यांनी उत्तर आलं. विमानाचं रंगीत चित्र आणि मागं छापलेलं, खेळत राहा. अहो, खेळतेच आहे. नावाचं काय?

मग एका दसऱ्याला योग आला. तीन दिवस लाइट गेली नव्हती, नाव वर होतं, आणि माल जास्त म्हणून जाऊही सोबत आलेली. मशीनसाठी एक चांगला हार बाजूला ठेवला, आणि माल संपल्यावर तिला घेऊन गेले. बघते तर सगळी मशीनं बंद, पुसलेली, हळदकुंकू लावलेली. दसऱ्याला औत धुऊन पूजणारी मी, आणि पूजेला मशीन बंद करतील हे माझ्या डोक्यात येऊ नये? काकांनी बटण दाबलं. पहिल्या ओळीपासून कंपनीनं आधीच भरून ठेवलेली नावं.

जाऊ म्हणाली, "घाला हार, ताई. आणलाय तर."

घातला.

दहाएक वर्षांनी त्याच कंपनीनं तोच गेम टीव्हीला जोडायच्या डब्यात काढला. आता लाइट गेली तरी नावं राहतात म्हणे. वाटलं, पोचलं बाई माझं पत्र. लगेच घेतला. पण शहाण्यांनी भलतंच काहीतरी घातलेलं. विमान फुटलं की बटण दाबायचं, मिळवलेले आकडे तसेच, खेळ पुढं सुरू. कितीही वेळा. जाऊ एका दुपारी शेंगा सोलता सोलता बटण दाबत बसली आणि माझ्या वर गेली.

"सोपं हाय की ताई. तुम्ही उगाच इतकी वर्षं घासली."

"ते बटण दाबून मिळालेले आकडे धरायचे नसतात."

"कंपनीनंच दिलंय ना?"

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग लय होतं, दिवसाचे आठ-आठ तास. लाइट आली की मी चहाच्याही आधी तो डबा लावून बघायची. वर ती, खाली मी. एक अक्षर हललेलं नसायचं.