लोकरीचा हात

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलमधल्या मटणाच्या दुकानात उभा होतो. समोर बोकडाची मांडी होती आणि नळ्या आख्ख्या ठेव, असं मी कापणाऱ्याला तिसऱ्यांदा सांगत होतो. फोनवर सुनीता, माझी बायको. "अहो, सुधीरभाऊजी गेले... सकाळी वॉकला गेले होते, तिथेच कोसळले." मी 'बरं' म्हणालो. जवळचा मित्र गेल्यावर माणसं काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी 'बरं' म्हणालो, पिशवी घेतली आणि गाडीत येऊन बसलो. तिथे पहिला विचार कोणता आला, हे लिहायची लाज वाटते, पण दोन महिने झाले तरी तो पिच्छा सोडत नाही. आता जानेवारीचं जेवण माझ्याकडे येणार, असा तो विचार होता. रडलोही, खूप रडलो. पण ते नंतर.

आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या व्हिसावर अमेरिकेत आलो. मी कोल्हापूरचा, तो पुण्याचा. त्याच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि मी हाडं चोखत मोठा झालेला. काम त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं, प्रमोशन त्याला आधी मिळालं, घर त्याने आधी घेतलं. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, कारण मटण माझं होतं. इथल्या मराठी मंडळींत नंदूचा पांढरा रस्सा म्हणजे शेवटचा शब्द. सुधीरला मटण खायला मीच शिकवलं. नळी ताटावर आपटून आतलं कसं काढायचं, इथपासून सगळं. ज्याला आपण मुळाक्षरं गिरवायला शिकवावीत, त्यानेच पुढे आपलं शुद्धलेखन तपासावं, तसं झालं ते.

ग्रीन कार्ड आल्यावर ऑफिसातल्या कुणीतरी त्याला टेनेसीच्या डोंगरात नेलं. तिथे कुंपण घातलेल्या मोठ्या रानात परदेशी जातींचे मेंढे सोडलेले असतात. कुणी मानेखाली काळी आयाळ असलेला, कुणी चार शिंगांचा. लोक जातात, वाटाड्याबरोबर दिवसभर चढतात, एक मेंढा मारतात आणि त्याचं डोकं भिंतीवर लावायला घेऊन येतात. मांस बऱ्याच जणांना नकोच असतं; जून मेंढ्याला वास येतो म्हणतात. सुधीरने उलटं केलं. शिंगं वाटाड्याला देऊन टाकली आणि मांड्या, खांदे, कलेजी, पाय, सगळं बर्फात घालून घरी आणलं.

त्यातली एक मांडी त्याने मला दिली. "तू कर, नंदू, मला कुठलं जमतंय." मी नेहमीसारखं केलं. आम्हा कोल्हापूरकरांना तवंग लागतो आणि तवंगाला चरबी लागते. मी चरबीचा कणही वाया घालवला नाही. मेंढ्याचा सगळा वास त्या चरबीतच असतो, हे मला कोण सांगणार? चार दिवस आमच्या पडद्यांना वास येत होता. सुधीरने मात्र आपल्या वाट्याचं मांस पाच दिवस बर्फावर ठेवलं, रोज पाणी काढलं, चरबी वेचून वेचून टाकली, दह्यात मुरवलं आणि जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजू दिलं. मसाला म्हणाल तर मिरी, लवंग आणि तळलेला कांदा. जानेवारीतल्या एका दुपारी त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. पहिल्या घासानंतर सगळ्यांचे हात पुन्हा भांड्याकडे गेले... त्याचा अर्थ मला लगेच कळला. परतताना गाडीत आमची सई, तेव्हा शाळेत होती, म्हणाली, "बाबा, डोन्ट माइंड हां, पण काकाचं मटण इज ऑन अनदर लेव्हल." मी माइंड केलं. वर्षानुवर्षं केलं.

तेव्हापासून दर जानेवारीला ते जेवण ठरलेलं. मी पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन जायचो आणि अर्धा परत आणायचो. सुधीर मात्र स्वतः दोन वाट्या प्यायचा आणि चारचौघांत सांगायचा, "नंदू माझा गुरू आहे." तो गुरू म्हणाला की मला जास्तच झोंबायचं. माणसाने हरवावं, पण वर नमस्कार तरी करू नये.

चार वर्षांपूर्वी मीच म्हणालो, मलाही घेऊन चल. त्याला कोण आनंद झाला. आपले जुने बूट त्याने मला काढून दिले, जाताना वाटभर मेंढ्यांच्या जाती समजावून सांगितल्या. डोंगरावर ओकची वाळकी पानं गुडघ्यापर्यंत होती. मेंढा एका खडकावर आमच्याकडे पाठ करून उभा होता. सुधीर पालथा पडून वाट पाहत राहिला, तो वळेपर्यंत. एकाच गोळीत मेंढा पडला. मग मला सुरी देत सुधीर म्हणाला, "हे बघ, एक हात लोकरीचा, एक हात मांसाचा. लोकरीचा हात मांसाला लागला की संपलं. तो तेलकटपणा धुतला तरी जात नाही." डावी बाजू त्याने सोलली, उजवी मी. आणि मला ते छान जमत होतं. तो वाटाड्याबरोबर खाली गाडीतून बर्फ आणायला गेला. मी एकटाच होतो. माझा डावा हात लोकरीने चिकट झाला होता. तो हात मी उघड्या मांडीवरून फिरवला. मग खांद्यावरून. मग त्याने सोललेल्या बाजूवरूनही. सावकाश फिरवला, कुठे राहायला नको म्हणून.

त्या जानेवारीत लोकांनी फोडी ताटाच्या कडेला सारल्या. सुधीरने एक घास घेतला आणि म्हणाला, "सॉरी यार, यंदा माझाच हात चुकला. नंदूचा रस्सा घ्या सगळ्यांनी." माझा डबा चाटूनपुसून रिकामा झाला. मी इतका खुशीत होतो की वहिनींना भांडी आवरायला मदत केली.

गेल्या महिन्यात मेधावहिनींनी, त्याच्या बायकोने, मला बोलावलं. त्या आता मुलीकडे पिस्कॅटवेला राहायला जायच्या होत्या. स्वतः त्या मांसाला हात लावत नाहीत, म्हणून गॅरेजमधला फ्रीझर रिकामा करायला मी. आत शेवटच्या मेंढ्याची दोन पाकिटं होती. दोन्हींवर सुधीरचं बारीक अक्षर: 'खांदा. चरबी काढली आहे.' वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच न्या, नंदूभाऊजी. तुम्हाला परत डोंगरावर न्यायचंय असं हे दर वर्षी म्हणायचे. तुम्हीच टाळत होतात." मग म्हणाल्या, "त्या वर्षीचं बिघडलं होतं ना, ते ह्यांना घरी आणल्याबरोबर कळलं होतं. म्हणाले, नंदू नवखा आहे, लोकरीचा हात लागला असेल. मी म्हटलं, मग फेकून द्या. तर म्हणे, फेकलं तर त्याला कळेल, तो परत यायचा नाही. लोक मला बोलतील, बोलू देत."

मी तोंड उघडलं होतं. पण वहिनींनी पाणी पुढे केलं आणि मी पाणी प्यायलो. खरं सांगायचं तर पश्चात्तापाच्या आधी मला पुन्हा त्याचा हेवाच वाटला. मटण त्याचं चांगलं, इथवर ठीक होतं... मन पण त्याचंच मोठं निघावं?

एका खांद्याचं मटण मी परवा केलं. अगदी त्याच्या पद्धतीने, पाच दिवस बर्फावर ठेवून. सई आता जर्सी सिटीत असते, ती आली होती. दोघी जेवायला बसल्या. शेवटी सुनीता म्हणाली, "अगदी सुधीरभाऊजींच्या हातचं झालंय." सईने डोळे पुसले आणि अजून मागितलं. आयुष्यभर ज्या शाबासकीची वाट पाहिली ती माझ्याच टेबलावर मिळाली, तीही त्याच्या नावाने. मी तिला वाढलं.

हे छापून येईल ती वर्तमानपत्राची पुरवणी मेधावहिनी फोनवर नेमाने वाचतात. गॅरेजमध्ये जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो, वहिनी. हात चुकून लागला नव्हता. दुसरं पाकीट मी उघडलेलं नाही. हे वाचून तुम्हाला ते परत हवं असेल, तर बर्फात घालून पिस्कॅटवेला मी स्वतः आणून देईन.