उंदरांवरचं औषध

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं — आता तुम्हालाही सांगून टाकते.

मी मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ विनय कांजूरमार्गला राहतो, मरोळला कारखान्यात होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी किडनी कोण देऊ शकेल ते बघायला घरातल्यांना तपासण्या करून घ्यायला सांगितलं. आई थकलेली, त्याच्या बायकोला — सुजाताला — मधुमेह. उरले मी. आमचा रक्तगटही एकच. विनयने मागितलं नाही. नुसता माझ्याकडे बघायचा.

आणि मी काय केलं? शिकवलं. किडनीच्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, आजारात तेच आधी खराब होतात — आता थेट त्यांच्यात शिरणारी अँटिऑक्सिडंट्स निघालीयत, किडनी सुधारते, ऑपरेशनची घाई करू नकोस. यात खोटं काय होतं? सुधारल्या होत्या त्या उंदरांच्या किडन्या — तेवढंच मी गाळलं. आणि पार बंद पडलेल्या किडनीला त्याचा उपयोग नाही, हेही. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

पोट फाडून घ्यायची भीती वाटत होती — बस्स.

विनय थांबला. डायलिसिस करत राहिला, नोकरी गेली, सुया टोचून टोचून हात फुगला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही तो ताईच्या औषधाबद्दल सांगायचा. फोनवर विचारायचा, आलं का गं ते? मी म्हणायचे, येईल. वर्षानुवर्षं हेच म्हणत राहिले.

रविवारी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सुजाता उठून आत गेली. विनय हातावरची पट्टी चाचपत म्हणाला,

"ताई, घाबरलेय म्हणाली असतीस ना, तर मी मयत माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव तरी घातलं असतं."

"हो," मी म्हणाले.

"आता तुझी नको मला."

सोमवारी सुट्टी टाकून मी त्याच्या डॉक्टरांकडे गेले. यादीत नाव घालायला काय काय लागतं ते विचारून सुजाताला कळवलं, आणि माझं रक्त तपासायला दिलं. भीती गेलेली नाही — ती घेऊनच पुढच्या तपासण्या करायच्यात. विनयला नाहीच म्हणायचं असेल, तर मी तयार होऊन समोर उभी असताना म्हणू दे.