पेनाच्या टोपणाची वर्तुळं

शिष्यवृत्तीची परीक्षा होती जेबाची, पण पाठांतर चाललं होतं तिच्या आईचं. चुलीवरचं दूध उतू जायचं आणि शाइस्ता शेजारी उभी राहून पुटपुटत असायची, "बिग, बिगर, बिगेस्ट." तिच्या सासूला, म्हणजे बिस्मिल्लाबींना, आधी वाटलं सून काही दुआ म्हणते आहे. त्या बिचाऱ्या आदरानं डोक्यावर पदर घेऊन गप्प बसायच्या. खरं कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

दर्यापुरात गादी-रजईचं दुकान आणि दुकानामागे घर, असा त्यांचा संसार. शाइस्ता माहेरची अंजनगाव सुर्जीची. बारावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. बाकीच्या विषयांत ती ठीक होती, इंग्रजीत मात्र प्रत्येक वर्षी काठावर वाचली. ती धास्ती लग्नानंतरही गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं पाहिली तरी तिला घाम फुटायचा. आणि नशिबाची गंमत अशी की जेबाच्या उर्दू शाळेतले इंग्रजीचे सर ऐन पाचवीच्या वर्षी बदली होऊन धारणीकडे गेले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. उर्दू, गणित, बुद्धिमत्ता शाळेत होत होतं, फळ्यावर आणि वहीत. इंग्रजी आलं अम्मीच्या गळ्यात.

तेही तिनं हसत निभावलं असतं, पण मध्ये उजैरनं शब्द दिला. उजैर म्हणजे तिचा नवरा, दिवसभर कापसात बुडालेला, कमी बोलणारा माणूस. एकदा जेवताना तो म्हणाला, "जेबाचं नाव यादीत आलं, तं अमरावतीले तिच्या खालाकडं ठेवू. तिकडच्या चांगल्या शाळेत टाकू. नाही आलं, तं इथंच." खाला म्हणजे शाइस्ताची बहीण. जेबानं ताटावरूनच उडी मारली. शाइस्ताला आनंद झाला आणि त्याच क्षणी धडकीही भरली. उजैर दिलेला शब्द मोडत नसे. म्हणजे 'इथंच' हाही शब्दच होता.

मग ती कामाला लागली. बाजारातून गाइड आणलं. अपोझिट, प्लुरल, टेन्स, उतारा वाचून उत्तरं देणं, सगळं आधी स्वतः शिकायची आणि मग लेकीला शिकवायची. परीक्षेत उत्तर लिहायचं नसतं, चार पर्यायांपैकी बरोबर असेल त्याचं वर्तुळ पेनानं काळं करायचं असतं. त्याचा सराव हवा म्हणून तिनं एक युक्ती काढली. पेनाचं टोपण शाईच्या पॅडवर टेकवायचं आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ठसे मारायचे. एका ओळीत चार गोल. आत आकडे घालत बसायला कुणाला वेळ होता? तपासायलाही तिनं पुठ्ठ्याची एक चाळणी केली. बरोबर उत्तराच्या जागी उदबत्तीनं भोक पाडायचं आणि पुठ्ठा कागदावर ठेवायचा. भोकातून काळं दिसलं की उत्तर बरोबर.

मोबाइलवर वेळ लावून ती जेबाच्या मागे उभी राहायची. "पाहत नको बसू, भर! हाताले सवय झाली पायजे." आणि जेबाच्या हाताला खरंच सवय झाली. उत्तर तीन नंबर असलं की तिचं पेन न बघता तिसऱ्या गोलावर जायचं. पुठ्ठा ठेवला की भोकाभोकातून काळं दिसायचं. शाइस्ताचा जीव थोडा भांड्यात पडायचा.

तो पुन्हा बाहेर काढला चारुशीला मॅडमच्या सराव परीक्षेनं. मॅडम अकोल्याच्या. दर्यापुरातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि परीक्षा जवळ आली की रविवारी गावातल्या सगळ्याच शाळांच्या मुलांचा इंग्रजीचा सराव घ्यायच्या. त्यांची उत्तरपत्रिका खऱ्या परीक्षेसारखी होती, वर्तुळात आकडे छापलेली, झेरॉक्समुळे जरा फिकट. जेबा हसत गेली, हसत आली. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा पंचवीसपैकी तीन बरोबर.

मॅडमनी शाइस्ताला बाजूला घेतलं. "ताई, पोरगी चुणचुणीत आहे, पण इंग्रजीचा पाया फार कच्चा दिसतो हो. नुसतं अंदाजानं भरलं, तरी याच्यापेक्षा जास्त बरोबर येतात." त्या हे चांगल्या मनानं बोलल्या, पण शाइस्तानं पुढचं न ऐकताच लेकीचा हात धरला. दाराशी आल्यावर जेबा म्हणाली, "अम्मी, मले इंग्रजी येत नाही. मी नाही बसत परीक्षेले."

"येत नाही तं नाही येत," आतून बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "पोरीचा जीव काहून घेऊन राहिली तू?"

शाइस्तानं पॅड काढलं आणि आणखी गोल मारले. सराव दुप्पट केला. घरी पुन्हा सगळं बरोबर! आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरी सगळं येतं आणि तिथं काहीच येत नाही, असं कसं? आणि जे मनात आलं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "जेबा, तू माझा पुठ्ठा पाहून तं नाही भरत?"

जेबानं मान वर केली. ती रडली नाही की भांडली नाही. पेनाला टोपण लावलं आणि आजीच्या खाटेवर तोंड फिरवून झोपली. जेवायलाही उठली नाही. शाइस्ताला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेली आणि शाइस्ता मॅडमची प्रश्नपत्रिका घेऊन बसली. परीक्षा तोंडावर आली होती, आठवडाही उरला नव्हता. बरोबर आलेले ते तीन प्रश्न तिनं आधी पाहिले. तिन्ही तिनं कधी शिकवलेच नव्हते! जेबानंच सांगितलं होतं, ते अंदाजानं ठोकले म्हणून. म्हणजे शिकवलं ते सगळं चूक आणि न शिकवलं तेवढं बरोबर. हा काय प्रकार आहे? तिनं मॅडमनी दिलेली बरोबर उत्तरं घेतली, नवीन पुठ्ठा घेतला आणि रोजच्यासारखी भोकं पाडली. पहिलं भोक, दुसरं भोक. मग पुठ्ठा जेबाच्या उत्तरपत्रिकेशेजारी धरला.

जिथं भोक होतं, तिथं जेबाचं वर्तुळ काळं होतं. एकदा, दोनदा, खालपर्यंत. फक्त ते तीन सोडून.

शाइस्तानं वर्तुळातले फिकट आकडे खिडकीच्या उजेडात नीट पाहिले. एक नंबर डावीकडे होता, चार नंबर उजवीकडे. आणि तिचा पुठ्ठा? तिनं पहिला गोल उजवीकडचा धरला होता. उर्दू शाळेत ती तशीच शिकली होती. वही उजवीकडून उघडायची, ओळ उजवीकडून सुरू करायची, पेपरातला पहिला पर्यायही उजवीकडेच असायचा. हातानं विचारलंच नाही, इंग्रजीलाही तीच वाट दिली. लेकीनंही आईसारखेच गोल उजवीकडून मोजले. दोघींची चूक एकच, म्हणून ती दोघींनाही दिसली नाही. आकडे वाचले असते तर पोर वाचली असती, पण 'पाहत नको बसू, भर' हे कोण ओरडत होतं?

जेबा घरी आली तेव्हा शाइस्ता तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. "चूक माही आहे बेटा. तुही नाही. मी तुयावर शक घेतला, मले माफ कर."

जेबानं कागद पाहिला, पुठ्ठा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. "म्हंजे मले येते?"

"सगळं येते तुले."

"मंग मी मॅडमले सांगू, मले येते म्हणून?" आणि आता ती रडली, आदल्या दिवशीचं राहिलेलं सगळं.

चारुशीला मॅडमनाही हळहळ वाटली. "माझ्या ध्यानातच आलं नाही हो. आमची पोरं डावीकडूनच मोजतात." त्यांनी नवे कोरे नमुने दिले. पण सवय मोडणं म्हणजे काय ते शाइस्ताला आता कळलं. जेबा आकडा वाचून भरायला लागली की वेळ पुरेना. घाई केली की हात गपकन उजवीकडे जाई. मध्येच थबके, डावीकडे जाई, पुन्हा घाबरून उजवीकडे. आधी निदान सगळं एका बाजूनं चुकत होतं. आता अर्धं इकडे, अर्धं तिकडे. डावी बाजू आठवायला खूण ठेवावी, तर परीक्षेत टेबलावर काही ठेवायला परवानगी नव्हती. शाइस्ता घसा सुकेपर्यंत म्हणायची, "डावीकडून बेटा, उलट्या हाताकडून."

बिस्मिल्लाबींना ते ऐकवत नव्हतं. त्यांच्या घरात प्रत्येक गोष्ट उजवीकडून. घास उजव्या हातानं, उंबऱ्यात पाऊल उजवं, सदऱ्याची बाही आधी उजवी. जेबा लहानपणी डाव्या हातानं काही उचलायची तेव्हा त्या तिच्या मनगटावर चापट मारायच्या. "चांगल्या कामाले पोरीले उलटा हात शिकवते," त्या सुनेला म्हणाल्या, आणि पुन्हा खाटेवर बसून तसबीहचे मणी ओढायला लागल्या. त्या दिवसभर तिथंच असायच्या. जेबाचा हात थबकला की त्यांची तसबीहही थबकायची, हे शाइस्ताला त्या गडबडीत दिसलं नाही.

परीक्षेची सकाळ उजाडली. घरातलं कोणी मोठ्या कामाला निघालं की बिस्मिल्लाबी हिरव्या फडक्यात नाणं गुंडाळून त्याच्या उजव्या दंडावर बांधायच्या. त्याला इमाम-जामिन म्हणतात. माणूस सुखरूप परत आला की ते सोडायचं आणि नाणं गरिबाला द्यायचं. उजैर माल आणायला अकोल्याला निघाला तरी तो दंड पुढे करायचा. तसा जेबानंही उजवा हात पुढे केला.

"तो नाही," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "उलटा दे."

जेबा आईकडे बघायला लागली. शाइस्ता तोंड उघडं टाकून सासूकडे.

"दे म्हनलं ना! माह्या सासूनं कधी इकडं बांधलं नाही, मी बी नाही. अल्लाले समजते सगळं." त्यांनी डाव्या दंडावर घट्ट गाठ मारली. "पेन उचललं का पयले याले हात लावजो. इथून मोजाचं. समजलं?"

पहिला पेपर बरा गेला. इंग्रजी दुसऱ्या पेपरात होतं. केंद्राच्या फाटकाबाहेर सगळ्या आया सावली धरून बसल्या होत्या, शाइस्ता उन्हातच उभी होती. तिला सारखं लेकीचं पेन डोळ्यांसमोर दिसत होतं, इकडे जाणारं, तिकडे जाणारं. अमरावती की इथंच, ते त्या पेनाच्या टोकावर होतं आणि आई भिंतीच्या बाहेर होती. बिस्मिल्लाबी नातीला घ्यायला म्हणून गुडघे धरत स्वतः आल्या होत्या. बेल झाली तेव्हा शाइस्ता फाटकाला जाऊन चिकटली.

जेबा बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल. शाइस्तानं आधी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. बिस्मिल्लाबींनीच विचारलं. "कोनत्या बाजूनं भरलं वं?"

जेबानं नुसता डावा दंड पुढे केला. सकाळचं हिरवं फडकं आता हिरवं राहिलंच नव्हतं. पेनाच्या काळ्या शाईनं, बोटांच्या ठशांनी ते माखलं होतं. ठशावर ठसा होता, पोरीनं प्रत्येक प्रश्नाला हात लावला होता.

शाइस्तानं तो दंड दोन्ही हातांनी धरला आणि चारचौघींच्या देखत हुंदके देऊन रडायला लागली.

"आता काहून रडून राहिली?" बिस्मिल्लाबी सुनेवर खेकसल्या आणि स्वतःचे डोळे पदरानं पुसत गाठ सोडायला लागल्या, डाव्या हातानं.