दादाचा डावा हात

आमचा दादा खाटीक. अंगानं धिप्पाड, बोलायला महाकंजूष, आणि मनानं लोण्याहून मऊ. हसू नका, खरंच सांगते. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत बोकड आणला की आधी त्याच्या डोळ्यांवर डावा हात ठेवतो, "झालं हं, झालं" म्हणतो, आणि मगच सत्तूर उतरवतो. एका घावात मान वेगळी. डोळे झाकल्याशिवाय त्यानं कधी जीव घेतला नाही, आणि उगाच म्हणून कधी कुणाचे डोळे झाकलेही नाहीत. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळतानाही माझ्या डोळ्यांना तो हात लावायचा नाही. फडकं आई बांधायची.

माझा नवरा नेमका उलटा. बाहेर साखरपेरणी, घरात हात सैल. पट्टा, लाटणं, हाताला येईल ते. सुजलेलं तोंड घेऊन माहेरी गेले की मी सांगायचे, जिन्यावरून पडले. आमच्या घराला जिनाच नाही, हे दादाला ठाऊक होतं.

अशात गावात टीव्हीवाले टपकले. मालिकेच्या एका भागाचं शूटिंग करायचं होतं. गोष्ट काय, तर खेड्यातली माणसं शहरातल्या पाहुण्याला कापून खातात, आणि ते बघून लोकांनी पोट धरून हसायचं! डोकी फिरलीत मेल्यांची. त्यांच्या नटाला सत्तूर नीट धरता येईना, म्हणून कापणारा झाला दादा. पाहुणा व्हायला माझा नवरा उड्या मारत पुढे. टीव्हीत दिसायची हौस ना!

धान्याच्या कोठारात त्याला खांबाला बांधलं, सदऱ्यावर लाल रंग ओतला. दादाच्या हातात रबरी सत्तूर दिला. सकाळीच माझा ओठ फुटला होता, म्हणून मी तोंडावर रुमाल धरून कोपऱ्यात उभी होते. रुमाल भिजत चालला होता. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"जरा पाणी पिऊन येतो," तो डायरेक्टरला म्हणाला आणि दुकानाकडे गेला.

परत आला. कॅमेरा सुरू झाला. नवरा खोटं खोटं गयावया करत होता. दादा पुढे झाला आणि त्यानं डावा हात त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

"झालं हं, झालं."

"वा! हे तर आपण लिहिलंच नव्हतं," डायरेक्टर खूश होऊन पुटपुटला.

"दादा! तुरुंगात सडशील रे! मग मला कोण आहे?" मी किंचाळले. नवऱ्याची दया आली म्हणून नाही हं, ते पुण्य माझ्या पदरात टाकू नका. मला माझा भाऊ हवा होता.

दादाचा हात ढळला. सत्तूर खच्चकन खांबात रुतला, आणि नवऱ्याचा अर्धा कान भुशात पडला. लाल रंगावरून खरं रक्त वाहायला लागलं. असा केकाटला, की बाहेरची कुत्री पळाली. डायरेक्टर टाळ्या वाजवत होता. खांबातला सत्तूर उपटायला गेला, तेव्हा त्याच्या टाळ्या थांबल्या.

कान कशानं तुटला, असं डॉक्टरांनी विचारलं. दादा दारातच उभा होता. नवरा म्हणाला, "जिन्यावरून पडलो."

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा त्याच्या केकाटण्यावर सगळं गाव हसलं. मीही हसले. आता कधी त्याचा हात उठलाच, तर मी आरडाओरडा करत नाही. जवळ जाते, त्याच्या डोळ्यांवर हळूच डावा हात ठेवते.